आप्पांच्या खोल्यांना बिऱ्हाड मिळेना

माझं सासर निपाणीचं, तंबाखूच्या वखारीला लागून. आम्ही जैन. घरात कांदा-लसूण शिरायचा नाही, गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लागायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि धंदा मात्र तंबाखूचा! हे मी एकदा हसत हसत नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, हळू बोल, आप्पांच्या कानावर जाईल. आप्पा म्हणजे माझे सासरे.

तंबाखूचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. वखारीत चाळण्या हलल्या की घरभर बारीक धूळ उडायची आणि मी शिंकत सुटायची. उंबऱ्यावरचं माप ओलांडतानाच अशी शिंकले की तांदूळ पार सोप्यात उडाले. म्हणून आप्पांनी बेळगावात, अनगोळच्या वाटेवर, भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या आणि देखरेखीला आम्हा दोघांना तिथं धाडलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. काय ती हवा! नाक असून नसल्यासारखं वाटायचं. मी उगाचच गाणी म्हणत अंगण झाडायची. पण आप्पांची एक अट होती. पाडव्यापर्यंत बिऱ्हाडं आली नाहीत तर खोल्या विकायच्या आणि आम्ही दोघांनी मुकाट्यानं वखारीत परत यायचं.

यात अवघड काय, असं मला वाटलं. दुसऱ्या लढाईच्या आधीची वर्षं ती. कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, कॅम्पातले नोकरदार, सगळे जागा शोधत फिरत होते. आणि आप्पांनी घर जीव ओतून बांधलं होतं. मंगळुरी कौलं, दगडी जोतं, गोड्या पाण्याची विहीर, आणि प्रत्येक स्वयंपाकघराला पश्चिमेकडं एवढी मोठी खिडकी, की शेवटचं ऊन चुलीवर पडावं. बाजाराच्या दिवशी ते सर्व्हिस मोटारीनं येत आणि आम्हाला मालकी शिकवत. भाडेकरूचं तोंड बघू नये, त्याच्या आधीच्या मालकाला जाऊन भेटावं. त्यानं तक्रार सांगितली तर चालेल, पण तो फारच गुण गायला लागला तर समजावं, हा बला घालवायला बघतोय. गळकं कौल भाडेकरूनं सांगायच्या आधी आपण बघावं. आणि भिंतीला खिळा मारू द्यायचा नाही, काही झालं तरी. हे शेवटचं ते दर खेपेला सांगत.

माणसं यायला लागली. पुरुष विहिरीत डोकावायचा, कौलांकडं बघून मान हलवायचा, खूश व्हायचा. बायको स्वयंपाकघरात जायची, भिंतींवरून नजर फिरवायची, बाहेर येऊन नवऱ्याच्या कानाशी लागायची. मग "कळवतो" म्हणून दोघं निघून जायचे ते कायमचे. एकामागून एक, सगळ्यांचं तेच. नवरा म्हणाला, जागेत काहीतरी असणार. मी दारोदार लिंबू-मिरच्या बांधल्या. आप्पांना पाण्याचा संशय आला, तर एका कारकुनासमोर त्यांनी अख्खा तांब्या घटाघटा पिऊन दाखवला. तो बिचारा घाबरून आणखी लवकर गेला. मला हसू यायचं, पण पाडवा तोंडावर आला तशी मी ट्रंक भरायला घेतली.

अशात काकतीची एक बाई आली. नवरा कोर्टात शिपाई, कडेवर रांगतं पोर. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, गर्रकन फिरली आणि फिसकन हसली.

"आक्का, हितं दिवा कुटं ठेवायचा? माज्या डोक्यावर?"

मी भिंतींकडं बघितलं. सोप्यात दिव्याचा कोनाडा, देवळी, माजघरात देवळी, आणि स्वयंपाकघराच्या भिंती साफ कोऱ्या. कंदील अडकवावा तर खिळ्याला बंदी, खाली ठेवावा तर पोर हात घालणार. आणि मी वेड्यासारखी तिलाच विचारते, स्वयंपाकघरात दिवा कशाला लागतो?

"आमचं मानूस दिवं लागल्यावर घरला येतंय. त्येला अंधारात भाकरी वाडू व्हय?"

मी चुलीपाशी फतकल मारून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. ती हसली, पोर हसलं. स्वयंपाकघरात पेटलेला दिवा मी जन्मात बघितला नव्हता, माहेरी नाही की सासरी नाही. आप्पांनी बघितला नव्हता, आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या बांधणाऱ्या गवंड्यालाही कधी कुणी तिथं देवळी सांगितली नव्हती. सबंध बेळगाव आमच्यासारखं उजेडी जेवतं असं धरून आम्ही घर बांधलं होतं!

मी तिला बाजारच्या दिवशी परत बोलावलं. आप्पा आले, तसं दाराआडून सगळं सांगितलं. वाटलं, ते हसतील आणि गवंडी बोलावतील. ते हसले नाहीत.

"देवळी ठिवली की रातचं शिजनार. दिव्याला किडं येनार, शिजत्यात पडनार. माज्या भिंतीत त्ये पाप नगं."

आप्पांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते. वखारीचा वास आत्ताच नाकात शिरल्यासारखा झाला. अंगणात बसलेली काकतीची बाई पोराचं नाक पुसता पुसता आप्पांना म्हणाली, "मग काच लावा की, अण्णा. माजघरातली देवळी आरपार फोडा. दिवा मधी, दोन्ही अंगाला काच. उजेड येतोय, किडं न्हाय."

आप्पा उठून माजघरात गेले, भिंतीवर हाताची वीत ठेवून बघितली, पलीकडं जाऊन परत बघितली.

"कवा जेवायचं ह्ये सांगायचा मला अधिकार न्हाय," ते बाहेर येऊन म्हणाले. "वाचतील तेवडं जीव वाचवायचं."

गवंड्याला त्यांनी स्वतः आणलं. पहिलं बिऱ्हाड काकतीच्या बाईचं. तिनं चार ठिकाणी सांगितलं असणार, कारण पाडव्याला प्रत्येक दारात गुढी होती. पुढं निपाणीचे कुणी व्यापारी खोल्या बांधायचा सल्ला विचारायला आले की आप्पा एवढंच सांगत, आधी चुलीपाशी एक बाई बसवा, आपल्या घरातली नको, दुसऱ्याच्या घरातली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मोटारीवर पोचवायला गेलो. माझ्या मनातली भीती अजून गेली नव्हती. ऐन वेळी म्हणतील, चला दोघं. मोटार घरघरायला लागली तशी त्यांनी कनवटीची किल्ली काढली. नवऱ्यानं हात पुढं केला. आप्पांनी त्याचा हात बाजूला सारला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ह्येला काय दिसत न्हाय," ते म्हणाले. "मालकीन तू."

मोटार निपाणीच्या रस्त्याला लागली, आणि मी बेळगावातच होते.