कुस्नियाचं अडखळतं टेंपे

कुस्निया बोलताना अडखळायची, लहानपणापासूनच. म्हणून तिच्या व्हिडिओंमध्ये फक्त हात दिसायचे. सोयाबीन चोळून सालं काढणारे, विरजण मिसळणारे, आंबून टेंपेची वडी व्हावी म्हणून ते केळीच्या पानात बांधणारे. मागे बासरी वाजायची. जावा बेटावरच्या पुर्वोकर्तो गावातल्या तिच्या गल्लीपलीकडे ते फारसं कुणी पाहत नसे.

एकदा तिची भाची वेनिंग हसत म्हणाली, "मावशी, टेंपेवर काळे डाग का पडतात म्हणून मी चॅटबॉटला विचारलं. त्यानं भलत्याच बाईचा व्हिडिओ दाखवला. ती तर पान सैल बांधते!"

"म्‌... माझा का नाही?"

"तो शब्द धुंडाळतो गं मावशी. तुझ्या व्हिडिओत शब्दच नाहीत. नावसुद्धा काय, तर 'सकाळचे हात'! लोक विचारतात तेच नाव दे, आणि तोंडानं सांग. खाली ते लिहून टाकू."

कुस्नियानं मानेनंच नाही म्हटलं. तिचा नवरा सार्वान पुढे सरसावला. "मी बोलतो की!" आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्यानं निवडणुकीच्या सभेत असल्यासारखा घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, टेंपे हे आपलं वैभव—"

"बस्स करा," कुस्निया म्हणाली. हे मात्र न अडखळता.

मग तीच बसली. 'पान सैल राहिलं की आत वारा शिरतो, मग डाग पडतात,' एवढं सांगायला तिला घाम फुटला. 'पान' या शब्दावर तर ती अशी अडकली की सार्वान उठून अंगणात गेला, त्याला बघवेना. वेनिंगनं अडखळणं कापायचं ठरवलं होतं. कुस्नियानं फोन काढून घेतला. "र्‌... राहू दे. बाजारातही मी अशीच बोलते. लिहिताना मात्र नीट लिही."

व्हिडिओचं नाव ठेवलं, 'टेंपेवर काळे डाग का पडतात?'

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, 'आधी बोलायला शिका.' कुस्निया दोन दिवस फोनला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी सोयाबीन भिजत घातलं आणि पुढचा व्हिडिओ केला.

मग पावसाळ्याच्या तोंडावर सुरिनामहून एका बाईचा निरोप आला. तिची पणजी जावातून तिकडे गेलेली. 'चॅटबॉटला विचारलं, त्यानं तुमच्याकडे पाठवलं. जावानीज मला थोडीच येते; बाकीचे भरभर बोलतात, ते कळत नाही. तुम्ही थांबत थांबत बोलता, ते सगळं समजलं. टेंपे पांढरंशुभ्र झालं.' सोबत फोटो होता.

कुस्नियानं तो फोटो सार्वानला दाखवला, मग शेजारणीला, मग परत सार्वानला.

वेनिंगनं त्याच संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहिला. चॅटबॉटनं मात्र परत त्या सैल पानवालीचं नाव सांगितलं.

"बघ ना मावशी, पलटला!"

"त्‌... त्याची मर्जी," कुस्निया म्हणाली, आणि सुरिनामच्या बाईला उत्तर कसं द्यायचं ते विचारू लागली. लिहून नको, बोलूनच पाठवायचं होतं तिला.