अस्वलासाठी रिव्हॉल्व्हर

“हे अस्वलाला पुरेल ना?” असं म्हणत देशमुखांनी रिव्हॉल्व्हर थेट माझ्या पोटाकडे वळवलं.

“आधी नळी खाली करा, साहेब. रिकामं असलं तरी.”

बेंगळुरूत आमचं बंदुकांचं दुकान आहे. मालक माझे चुलतभाऊ, वेंकोजीअण्णा. मी विक्री आणि दुरुस्ती बघतो. देशमुख पुण्याचे, इथे सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. लायसन्स रीतसर होतं. रामनगरच्या बाजूला टेकडीखाली मित्राचं शेत होतं. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी अनघाताई तंबू ठोकून राहायचे. मागच्या खेपेला समोरच्या खडकावर अस्वल दिसलं आणि देशमुखांनी धसका घेतला. रिव्हॉल्व्हर मिळेपर्यंत कॅम्पिंग बंद.

“म्हणजे तेव्हापासून बंदच,” अनघाताई म्हणाल्या. “आठवडाभर स्क्रीनसमोर बसून मला तेवढंच तर बाहेर पडायला मिळतं.”

देशमुखांनी नेटवर बरंच वाचलं होतं. “रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?”

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात, पिस्तुलात मुठीतल्या मॅगझिनमध्ये. पण अडचण वेगळीच होती. साध्या लायसन्सवर आमच्याकडे मिळतं ते बहुतेक पॉइंट थ्री-टू. गोळी जेमतेम करंगळीच्या टोकाएवढी. अस्वलाचे केस दाट, हाडं जाड. नेम अचूक बसला नाही तर ते मरत नाही, फक्त चिडतं.

“माझा नेम चांगला आहे,” देशमुख म्हणाले. खोटं नव्हतं. शूटिंग रेंजवर त्यांनी कागदाच्या मधोमध गोळ्या घातल्या.

अण्णा खूश. “बिल करू का?”

“स्वल्प थांबा, अण्णा. कागद अंगावर पळत येत नाही.”

रविवारी सकाळी मी दोघांना जयनगरला आमच्या घराजवळच्या पार्कात बोलावलं. खरं शस्त्र माणसासमोर धरायचं नाही, म्हणून देशमुखांच्या कमरेला फोल्डिंगची छत्री खोचली आणि वर जॅकेटची चेन लावायला लावली. अनघाताई अस्वल. त्यांनी झुडपामागून पळत यायचं, यांनी छत्री काढून रोखायची.

पहिल्यांदा चेन अडकली. दुसऱ्यांदा छत्री हातातच उघडली. तिसऱ्यांदा अनघाताईंनी इतक्या जोरात धक्का दिला की देशमुख गवतात आडवे. बाकावरचे आजोबा कन्नडमध्ये ओरडले, “अस्वलाला एक पॉइंट!” देशमुख पडल्या पडल्या हसत सुटले.

मग तिथेच आम्ही खरं बोललो. जेवण तंबूत ठेवायचं नाही. वारुळापासून लांब राहायचं, कारण वाळवी हे अस्वलाचं आवडतं खाणं. चालताना बोलत राहायचं. गाडी तंबूला लागून उभी करायची, दार उघडं. देशमुख लगेच तयार झाले नाहीत. “तुम्ही बरोबर आलात तरच,” ते म्हणाले. पुढच्या शनिवारी मीही त्यांच्याबरोबर शेतावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो. अनघाताई नळावरून येत होत्या. त्यांच्या मागे, बांधावर, अस्वल उभं राहिलं. त्यांनी वळून पाहिलं, पाय मुरगळला आणि त्या खाली बसल्या. मी कप खाली ठेवून गाडीत शिरलो.

देशमुख पळाले नाहीत. मोठ्याने बोलत, अस्वलाकडे पाठ न करता, ते बायकोपर्यंत गेले. “अनघा, मी आलोय. ऊठ.” अनघाताईंच्या काखेत दोन्ही हात घालून त्यांनी उचललं आणि मागे मागे गाडीकडे आणलं. मी हॉर्न दाबून धरला. अस्वलाने आमच्याकडे पाहिलं, मग ते फुसफुसलं आणि खडकांत निघून गेलं.

आम्ही गाडीची दारं लावून घेतली. मग अनघाताई म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात परत यायचं हं.”

“सरी,” देशमुख म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे; एवढं एकच कन्नड त्यांना येत होतं.

त्यांनी आमच्याकडून रिव्हॉल्व्हर घेतलं नाही. अण्णा अजून कुरकुरतात. मी मात्र कॅम्पिंगचं नाव काढणाऱ्या गिऱ्हाइकाला हत्यार दाखवण्याआधी एकच विचारतो, सोबतच्या माणसाला उचलायला हात मोकळे ठेवणार का? बऱ्याच जणांनी त्याचा विचार केलेला नसतो.