वाचनालयातला तपासणीवाला

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी आमगावजवळच्या एका गावातलं वाचनालय निवडलं, तेव्हा माझ्याएवढा शहाणा माणूस गोंदिया जिल्ह्यात नव्हता. निदान माझं तसं मत होतं.

आधी प्रश्नावली. त्या गावात राहणाऱ्या मेहुण्यानं ती घरोघर भरून घेतली. बहुतेकांचं उत्तर एकच: वाचनालयात जात नाही.

मग निरीक्षण. पद्धतीच्या पुस्तकात होतं की निरीक्षकानं हेतू सांगू नये, माणसं वागणं बदलतात. मी ते तंतोतंत पाळलं, मेहुण्यालाही कळवलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळे बूट, हातात फाईल. आठवडाभर कोपऱ्यात बसलो, कोणाशी चकार शब्द नाही. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून वाचनालय तुडुंब! शेतावरून आलेली माणसं पुस्तकात डोकं घालून बसलेली. ग्रंथपालकाका न मागता चहा पाजत होते. आपला जिल्हा एवढा वाचतो म्हणून मला भरून आलं.

मार्गदर्शक मॅडमना आलं नाही. "एक पद्धत म्हणते कोणी जात नाही, दुसरी म्हणते बसायला जागा नाही. दोन कागद टाचले म्हणजे पद्धती एकत्र झाल्या का? मुलाखती घ्या, मेळ लावा. नाही लागला तर प्रबंध पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष म्हणजे घरी बाबांची बोलणी. मी पहिल्या बसनं गावात गेलो आणि रोज माझ्यासमोर बसणाऱ्या एका शेतकऱ्याला पानठेल्यावर गाठलं.

"वाचनाची आवड कधीपासून?"

"आवड कायची जी? काकाजीनं सांगतलन, तपासणीवाला सायेब बसून राहिला. लोक नाही दिसले त अनुदान जाईन."

"कोण साहेब?"

त्यानं मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमीच ना जी!"

काकांना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "अन् मी तुमाले बिनपाण्याच्या, निऱ्या दुधाची चाय पाजून राहिलो होतो!"

दुसऱ्या दिवशी चपला घालून गेलो. हॉल रिकामा. फक्त पानठेल्यावरचा तो शेतकरी वाचत बसलेला.

"आता कशाला आलात?" मी विचारलं.

"पुस्तक अर्धं राह्यलं ना. ते गोष्टीतली पोरगी घरी वापस जाते का नाही, समजाले नको?"

मी सगळं प्रबंधात लिहिलं, माझ्या बुटांसकट. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "आता लागला मेळ. यातलं काही कापलंत तर सही करणार नाही." प्रबंध त्याच वर्षी सादर झाला.

आता विद्यार्थी मोबाईलवर फॉर्म पाठवतात, आलेख आपोआप निघतात. मला मात्र तो हॉल आठवतो. पंख्याची घरघर, ओल्या धानाचा वास अंगावर घेऊन बसलेली माणसं, मी पाहिलं की घाईनं उलटलेली पानं. खोटी का होईना, एवढी गर्दी मी वाचनालयात पुन्हा पाहिली नाही. आणि नोकरी तर माझी वाचनालयातच आहे.