वरून आलं, पुढं धाडलं

"गेलेला माणूस भला होता; पण एका संध्याकाळी भाऊसाहेबांच्या दमाला भिऊन त्याने बातम्यांचा खटका खाली ओढला."

हे वाक्य गेला आठवडाभर आमच्या तालुक्यात या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आहे. शोकसभेत एका वक्त्याने ते मोबाइलमध्ये पाहून वाचले आणि डोळे पुसले. लिहिणाऱ्याचे नाव कोठेही नाही. मी हयातभर चार पानांचे साप्ताहिक चालवले. निनावी मजकूर त्यात कधी छापला नाही. म्हणून हे वाक्य मी तुमच्यासमोर सोडवून ठेवतो. भला होता, हे खरे. भिऊन, हेही खरे. खटका ओढला, हे साफ खोटे.

ज्यांनी या गेलेल्या गृहस्थांना पाहिले असेल, त्यांना त्यांची ती खूण आठवत असेल. उजव्या हाताचे बोट आधी आभाळाकडे. मग तोच हात आडवा करून बाजाराच्या दिशेने. "वरून आलं, पुढं धाडलं." गावाबाहेरच्या टेकडावर सरकारी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण केंद्र होते. एक मोठी तबकडी, एक उंच मनोरा, दोन खोल्या आणि डिझेलचे एक जनरेटर. तबकडीने आभाळातून कार्यक्रम झेलायचे आणि मनोऱ्याने ते आसपासच्या गावांतील अँटेनांकडे फेकायचे. त्या दोहोंच्या मधे हे गृहस्थ. हुद्द्याने साधे तंत्रज्ञ. परंतु सारा तालुका त्यांना टॉवरसाहेब म्हणे.

टीव्हीवर जे दिसते ते टॉवरसाहेब ठरवतात, अशी तालुक्याची पक्की समजूत होती. मालिकेतल्या सुनेचा छळ वाढला की शेलूबाजारच्या आठवडी बाजारात बाया त्यांना अडवत.

"काहो साहेब, त्या गरीब पोरीले अजून किती रडवता? तुमाले लेकीबाळी नाहीत काय?"

हवामानाचा अंदाज चुकला की एखादा शेतकरी सायकल आडवी घाली. "काल पाऊस सांगतला तुमी. कुठी हाय तो?" टॉवरसाहेब भाजीची पिशवी डाव्या हातात घेत, उजव्या हाताने खूण करत आणि पुढे निघून जात.

एकदा क्रिकेटचा सामना ऐन रंगात असताना मधेच दिल्लीहून कोणाचे तरी भाषण सुरू झाले. जीप भरून पोरे टेकडावर चढली. दोघांच्या हातांत स्टंप होते. टॉवरसाहेबांनी सर्वांना चहा पाजला, आत नेले आणि खटका दाखवला.

"हे चालू. हे बंद. तिसरं काई माह्याजवळ नाही. भाषण बंद करू? मंग त्याच्या मांगून येणारा सामनाही बंद."

पोरांनी आपसात विचार केला आणि केंद्राच्या ओट्यावर बसून ते भाषण शेवटपर्यंत ऐकले. तालुक्यात सरकारी भाषण पूर्ण ऐकले गेल्याचा दुसरा प्रसंग माझ्या माहितीत नाही.

शाळेने त्यांना पंधरा ऑगस्टला पाहुणे म्हणून बोलावले. मुख्याध्यापक आधी भरपूर बोलले होते. टॉवरसाहेब उठले, म्हणाले, "सरांनी जे सांगतलं, तेच मी तुमच्याकडं पुढं धाडतो," आणि खाली बसले. मुलांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापकांना त्या आपल्याच भाषणाला आहेत असे वाटले. अजूनही वाटते. त्यांच्या आत्मचरित्रात तसे छापले आहे. ते मी वेगळ्या लेखात खोडले आहे.

माझे आणि त्यांचे भांडण जुने होते. मी संपादक, काय छापावे, काय वगळावे, हे ठरवणारा. ते मधले. मी एकदा त्यांना डिवचले, "टॉवरसाहेब, तुम्ही पत्रकारितेतले पोस्टमन. पत्रात काय आहे याच्याशी तुमचा संबंध नाही."

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "पोष्टमननं पाकीट फोडलं तं त्याले काय म्हणतात, संपादकसाहेब?"

"चोर."

"मंग पाकीट न फोडणं हे काई लहान काम नोहे. अन् तुमच्या पेपरात तं पहिल्या पानावर भाऊसाहेबच हसून राह्यले."

ती वाढदिवसाची जाहिरात होती. जाहिरात आणि बातमी या भिन्न गोष्टी आहेत, हे मी त्यांना परोपरीने समजावले. ते प्रत्येक वेळी मान हलवून "हसून मात्र राह्यले" एवढेच म्हणत.

आता भाऊसाहेबांविषयी. आमच्या भागातील हे पुढारी मूळचे माझ्याच गावचे. मोठे झाल्यावर वाशीमला बंगला बांधून राहिले. त्यांची म्हातारी आई मात्र गावातच, माझ्या शेजारच्या घरी राही. बंगल्यात म्हशीला जागा नाही, म्हणून तिने बंगला नाकारला होता. कानांनी ती पुरती गेलेली होती. म्हैस सोडून कोणाचेही तिला ऐकू येत नसे.

भाऊसाहेबांच्या संस्थेची एक निवासी शाळा होती. कागदावर तिला मुले होती, शिक्षक होते, वसतिगृह होते. जागेवर एक पाटी होती आणि पाटीच्या सावलीत शेळ्या. एका शहरी दैनिकाने ही बातमी छायाचित्रासह छापली. त्या सकाळी शेलूबाजारच्या थांब्यावर गठ्ठे उतरताच भाऊसाहेबांच्या माणसांनी रोख पैसे मोजून ते सुतळी न सोडताच उचलले आणि जीपमध्ये टाकले. विक्रेता आनंदाने घरी जाऊन झोपला. वृत्तपत्रे वाचकांअभावी बंद पडत आहेत, असे हल्ली विद्वान सांगतात. त्यांनी त्या दिवशी आमच्याकडे यायला हवे होते. एकही अंक उरला नव्हता आणि एकानेही वाचला नव्हता.

परंतु दुपारी खबर आली की संध्याकाळी सातच्या मराठी बातम्यांत तीच शाळा, शेळ्यांसह, दाखवणार आहेत. तेव्हा भाऊसाहेब टेकडावर आले. मी तेथे चहाला बसलो होतो. शोकसभेतल्या वक्त्यांपैकी कोणीही तेथे नव्हते, हे येथे नोंदवून ठेवतो.

"आज सातच्या बातम्या धाडू नका," भाऊसाहेब म्हणाले.

टॉवरसाहेब उभे राहिले. "भाऊसाहेब, त्या साऱ्या महाराष्ट्रात दिसतीन. एका तालुक्यात बंद करून काय फायदा?"

"महाराष्ट्र मले वोट देत नाही. तालुका देते."

हे गणित बिनतोड होते. टॉवरसाहेबांनी नेहमीची खूण केली. "वरून येते, भाऊसाहेब. मी पुढं धाडतो."

"बदली करीन तुमची. गडचिरोलीच्या पल्याड."

"ते वरून आलं तं मी सोता पुढं जाईन."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "पाहून राह्यले ना, संपादक? कसा बोलते हा माणूस!" मी पाहत होतोच.

जीप टेकड उतरून गेल्यावर टॉवरसाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "भेव लागते ना, संपादकसाहेब," ते म्हणाले.

"मग आता?"

"आता काय? सातले बातम्या हायेत." आणि ते जनरेटरमध्ये डिझेल आहे की नाही ते पाहायला गेले.

सातला थोडा अवकाश असताना तालुकाभर वीज गेली. ती कोणी घालवली याचा पुरावा मजजवळ नाही, आणि पुराव्यावाचून मी लिहीत नाही. बातम्या संपल्यावर ती परत आली, एवढेच सांगतो. वीज जाणे ही आमच्याकडे घटनाच नव्हे. म्हणून ती कोणाच्या स्मरणात राहिली नाही. बातम्या दिसल्या नाहीत, एवढे मात्र राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी चारचौघांत सांगितले, "टॉवरवाला आपला माणूस हाय. एक शब्द टाकला, बंद केलं." झाले! सव्वीस जानेवारीला त्यांनी टॉवरसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कारही घडवून आणला. कार्यालयाचा लेखी आदेश होता, वरून आला होता, टॉवरसाहेब गेले. नारळ त्यांनी मारुतीला फोडला. शाल जनरेटरवर घातली. "थंडीत लवकर सुरू होत नाही बिचारं," ते म्हणाले.

लोकांनी त्यांचे नाव बदलून 'खटकेवाले' केले. हॉटेलात ते शिरले की कोणीतरी दिव्याचे बटण चालूबंद करी आणि सगळे हसत. त्यांची बायको पिठाच्या गिरणीवर जाईनाशी झाली. डबा घेऊन ते स्वतः जात. ज्यांनी उभ्या नोकरीत एक अक्षर अडवले नाही, त्यांना तालुका अडवणारा म्हणू लागला. मला हे सहन होईना, कारण मला खरे ठाऊक होते.

माझ्याकडे ट्रॅक्टर होता आणि बॅटरीवर चालणारा एक छोटा काळापांढरा टीव्ही होता. त्या संध्याकाळी वीज जाताच मी तो अंगणात आणून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. टेकडावर मनोऱ्याचा लाल दिवा दिसत होता. सात वाजले आणि चित्र आले. शाळेची पाटी आली, शेळ्या आल्या, हार घातलेले भाऊसाहेब आले. गल्लीत दुसरा उजेड नसल्याने बरीच माणसे जमली होती. पण सकाळी विचारले तर त्यांच्यापैकी कोणालाच काही दिसलेले नव्हते. एकाचे डोळे आले होते. एकाला म्हणे टीव्हीकडे पाठ करून बसायची सवय होती. माझी साक्ष कोणी मानेना. "तुमी त्यायचे दोस्त," म्हणत.

एक साक्षीदार मात्र असा होता, ज्याला भाऊसाहेबही खोटे म्हणू शकले नसते. त्यांची आई. उजेड पाहून तीही काठी टेकत आली होती आणि अगदी पुढे बसली होती. मी मजकूर जुळवला, मथळा ठरवला आणि टेकडावर जाऊन टॉवरसाहेबांना वाचून दाखवला. म्हटले, "पहिल्या पानावर घेतो. तुमचे नाव धुऊन निघेल."

म्हातारीने त्या संध्याकाळी काय केले, ते ऐकून ते प्रथम इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. मग थांबले. चष्मा काढून पुसला.

"त्यायले शाळेचं काई समजलं नाही?"

"कानांनी गेलेली बाई. तिने फक्त चित्र पाहिले."

"अन् हे छापलं तं कोणी ना कोणी खुणा करून समजावून देईन त्यायले, काय दाखोलं होतं ते."

"देईल. पण तुमच्या नावाचे काय?"

त्यांचे बोट सवयीने वर गेले. हात पुढे मात्र आला नाही. "हे पुढं धाडू नका, संपादकसाहेब."

मी वाद घातला. मी वादात हरत नाही. त्या दिवशी हरलो.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. माझे साप्ताहिक बंद पडले. त्या यंत्रावर आता लग्नपत्रिका छापतात. काही वर्षांपूर्वी केंद्रही बंद झाले. टॉवरसाहेबांनी शेवटचा खटका स्वतः ओढला, तोही लेखी आदेश हाती आल्यावर. "वरून आता काई येत नाही," ते म्हणाले. पुढे मुलाने त्यांना मोबाइल घेऊन दिला. त्यावर आलेला एकही संदेश त्यांनी कधी कोणाला पाठवला नाही. मी चेष्टा केली, तर म्हणाले, "हे कुठून आलं तेच समजत नाही. मी कायले पुढं धाडू?"

भाऊसाहेबांची आई आधीच गेली होती. गेल्या आठवड्यात टॉवरसाहेब गेले. आता दुखावले जाईल असे कोणी उरले नाही. आणि भाऊसाहेब वाचत असतील तर त्यांनी जरूर वाचावे. मोबाइलवरचे ते वाक्य पुढे पाठवणाऱ्या सर्वांसाठी मी अडवून ठेवलेली ती एवढी गोष्ट आज पुढे धाडतो.

त्या संध्याकाळी, सातच्या बातम्या चालू असताना, भाऊसाहेबांच्या आईने "माह्या बबन्याले टीवीत दाखोलं वो!" म्हणत घरातून डबा आणला आणि माझ्या अंगणात जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली.