सातवा वास

मामा भट्टीजवळ बसण्याआधी स्टुलाचा पाय बुटाने दोनदा ठोकायचे.

चहा थंड झाल्यावरच प्यायचे.

पट्ट्यावरून आलेला दर दहावा ट्रे उचलून गालाला लावायचे. मग कडेवर टिचकी मारायचे. टिचकी बद्द वाजली की पट्ट्याचा वेग एक खूण कमी करायचे.

कुणी काडी पेटवली की ती विझून गार होईपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहायचे.

नवा माणूस आला की त्याला आधी मागचं दार दाखवायचे, संडास नंतर.

आणि कुठल्याही खोलीत शिरले की विचारायचे, "काय वास येतोय?"

ही शेवटची सवय नवी होती. गेल्या थंडीनंतरची. ती माझ्या उशिरा लक्षात आली.

मामा जाऊन आज सोळा दिवस झाले. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. त्यांच्याहून मोठा असलेला वॉचमनसुद्धा.

आमच्या कारखान्यात अंड्यांचे ट्रे बनतात. रद्दी भिजवतात, तिचा लगदा करतात, साच्यातून ओला ट्रे निघतो आणि आपोआप पट्ट्यावर चढतो. पट्टा त्याला भट्टीत नेतो. भट्टी म्हणजे तीन बस एकामागे एक उभ्या कराव्यात एवढा पत्र्याचा बोगदा. एका तोंडाने ट्रे ओल्या फडक्यासारखा जड जातो आणि चाळीस मिनिटांनी दुसऱ्या तोंडाने वाळक्या पानासारखा बाहेर येतो. तिथे आठ बायका त्याच्या थप्प्या लावतात.

वाटेत ट्रेच्या कडा झडतात. तो कोंडा पट्ट्याखाली पडतो. रोज झाडला तरी कोपऱ्यात थोडा राहतोच. तापून तापून तो तांबूस होतो, मग आतल्या आत धुमसायला लागतो. भट्टीला तापमानाचा काटा आहे, पण तो छताजवळ. खाली काय चाललंय ते काट्याला कळत नाही. मामांच्या नाकाला कळायचं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी मामांनी अचानक लाल बटण दाबून पट्टा थांबवला. धूर नव्हता. काटा जागच्या जागी होता. फोरमन शिव्या देत आला. खालचं झाकण उघडलं तर घमेलंभर कोंडा लालबुंद झाला होता. तेव्हापासून पाहुणे आले की मालक त्यांना आधी मशीन दाखवायचे, मग मामांचं नाक.

मी साहित्यात पदवी घेतली आणि वर्षभर घरी बसलो. कॉलेजच्या अंकात माझी एक कथा छापून आली होती. उरलेले अंक रद्दीत गेले आणि इथे आले. मी ते शोधत आलो. मामांनी मला अर्धा तास गठ्ठे उपसू दिले.

"सापडलं का?"

"एक प्रत सापडली."

"बाकीच्यांत अंडी बसतील. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे तुझं लिखाण."

पुढच्या महिन्यात मला तिथेच माल पाठवण्याच्या खोलीत काम लागलं. मामांनीच शब्द टाकला होता. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नाही. "ए लेखक" एवढंच.

थंडीत त्यांना मोठा ताप आला. दहा दिवसांनी कामावर आले ते वाळून. मग एका सकाळी मी ट्रकपाशी असताना माझ्या खोलीतल्या विजेच्या शेगडीवर चहाचं भांडं आटलं आणि त्याची मूठ वितळायला लागली. भट्टीच्या पलीकडून थप्पीवाली ताई धावत आली. मीही धावलो. खोलीत नाक धरावं लागेल असा घाण वास भरला होता. मामा शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, पेपर वाचत बसले होते.

ताईने फडक्याने भांडं उचललं. "काय मामा, नाक गहाण टाकलंत की काय?"

"सर्दी झालीये गं," मामा हसले.

ती गेली. मी दार लोटलं.

"कधीपासून?"

मामांनी पेपराची घडी केली. "तापापासून. दोन महिने होतील."

"अजिबात नाही येत?"

"बायकोने परवा भाजी करपवली. मी मुकाट्याने खाल्ली. ती म्हणाली, सत्तावीस वर्षांनी माणूस सुधारला. मग तिच्या लक्षात आलं. रडायला लागली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आला तर येईल म्हणतात."

मला भट्टीचं ते दुसरं तोंड दिसत होतं. आठ बायका. मागच्या दारापुढे छातीएवढे रद्दीचे गठ्ठे. मामा कितीदा ओरडले तरी ते तिथेच लागायचे.

"फोरमनला सांगायला हवं, मामा."

"सांगतो. सांगितलं की तो मला घरी बसवेल. बसवू दे. पण माझ्या जागी माणूस आणणार नाही. म्हणेल, काटा आहे की. मग भट्टीजवळ कुणीच नसेल. आत्ता निदान मी बसलेला असतो, ट्रे गालाला लावून तरी बघतो." ते थांबले. "आधी कुणीतरी तयार होऊ दे. मग मीच जाऊन सांगतो. एक महिना दे मला."

मी दिला. तो देणारा मी कोण, हे मला आजही कळत नाही.

त्या महिन्यात मी दर पंधरा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून भट्टीकडे जायचो. नाक ओढत उभा राहायचो. फोरमनला वाटलं थप्पीवरच्या एखादीशी माझं जुळलंय. त्याने मला बाजूला घेऊन समजही दिली. घरी जेवताना हात हुंगायचो. रद्दीच्या ट्रकने धूर सोडला तरी भट्टीकडे पळायचो.

तयार करायला मामांनी थप्पीवाल्या ताईलाच निवडलं. ती बंद डब्यावरून कुणी काय आणलंय ते सांगायची. लिहिण्यावाचण्याची तिला कटकट होती, म्हणून लिहिणारा मी आणि वाचून दाखवणाराही मीच. जेवणाच्या सुट्टीत मामा सांगत.

"लिही. पहिला वास. भट्टी पेटल्यावर येतो तो."

मी लिहिलं, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या वाचनालयासारखा.

"वाच बघू." मी वाचलं. "वाचनालयात कोण गेलंय इथे? फडकं लिही. तापल्या तव्यावर ओलं फडकं टाकल्यासारखा."

मी खोडलं. त्यांचंच वाक्य बरोबर होतं.

दुसरा शाईचा. रंगीत रद्दी आली की जास्त येतो, त्याला घाबरायचं नाही. तिसरा साखळीच्या तेलाचा, तो आला की तेल घालायला उशीर झालाय. चौथा भाजत्या शेंगदाण्यासारखा. तो आला म्हणजे ट्रे पुरते वाळलेत, वेग वाढवा. पाचवा केस जळल्यासारखा, म्हणजे रद्दीत सुतळी नाहीतर कापड आलंय. सहावा उतू गेलेल्या दुधासारखा. तो खळ लावलेल्या पुठ्ठ्याचा.

गमतीची गोष्ट म्हणजे नाक गेलेला माणूस बोलायचा आणि मला वास यायचा. मी वाचून दाखवलं की ताई भट्टीच्या तोंडाशी जाऊन यायची आणि मान हलवायची. "आज दोन आहे, आणि थोडासा तीन." मामांचा चेहरा खुलायचा. ते उठून तेलाचा डबा घ्यायचे.

सातव्यावर आम्ही अडलो.

"सातवा जळण्याचा नाही," मामा म्हणाले. "जळण्याचा आला म्हणजे कारभार आटोपला. सातवा त्याच्या आधी येतो."

"कसा असतो?"

मामा पट्ट्याकडे वळले.

"उद्या सांगतो."

उद्या उद्या करत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ते स्वतःहून माझ्या खोलीत आले. चहा हातात तसाच गार झाला होता.

"मला आठवत नाही रे. बाकीचे सहा रोज यायचे. हा एकदाच आला. नाकाला कळलं आणि हाताने बटण दाबलं. मध्ये डोकं नव्हतंच." ते खाली बसले. या वेळी स्टूल ठोकलं नाही. "गोड होता. एवढंच आहे माझ्याकडे. गोड होता, पण."

महिना संपायला चार दिवस होते.

रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, लख्ख घासलेली भांडी, खिडकीत वाळत घातलेला कामाचा शर्ट. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक ट्रे होता. मामांनी कात्रीने त्याचे नखाएवढे अकरा तुकडे केले, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घातला आणि एका रिकाम्या काडेपेटीत ठेवले. मग एकेक तुकडा पळीत घेऊन गॅसवर धरायला आणि परत पेटीत ठेवायला लागले. पहिला वीस आकडे मोजेपर्यंत, दुसरा चाळीस, तिसरा साठ. मामी डोळे मिटून स्टुलावर बसल्या होत्या.

"काय वास येतोय?"

"कागदाचा."

"कसल्या कागदाचा?"

"तुमच्या कारखान्याच्या! दुसऱ्या कुणाचा येणार माझ्या घरात?"

"नीट सांग गं."

"सत्तावीस वर्षं मी विचारतेय, भाजी कशी झालीये. 'बरी आहे' याच्यापुढे शब्द नाही फुटला. आता मला म्हणे, नीट सांग."

मी हसलो. मामा हसले नाहीत. ते पळीकडे बघत मोजत होते.

नवव्या तुकड्याला मामींनी डोळे उघडले. "थांबा. हा जरा गोड आहे."

मामांचा हात हवेतच राहिला. "कसा गोड? साखरेसारखा?"

"नाही. फळांची पेटी बरेच दिवस बंद राहिली आणि मग उघडली, तसा. पण त्यात आणखी काहीतरी आहे. घशाला लागतंय."

"घशाला," मामा म्हणाले. "हो. घशाला लागलं होतं. जवळ आलो. दहावा धरतो."

"आता पुरे हो. माझं डोकं भणभणायला लागलंय. दहावा उद्या करू."

मामांनी मामींकडे बघितलं. गॅस बंद केला. खिडकी पूर्ण उघडली. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "उद्या संध्याकाळी मिळेल बघ. परवा सकाळी मी फोरमनच्या दारात."

सोमवारी दुपारी मामा भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी स्टुलावर बसले होते. दहावा ट्रे त्यांनी उचलला आणि गालाला लावला. टिचकी वाजली नाही. पट्टा चालूच होता. पुढचे ट्रे त्यांच्या मांडीवर पडत राहिले. सहा पडले तेव्हा ताईने वळून बघितलं.

तिने पट्टा थांबवला. मामांना आम्ही चौघांनी उचललं. ट्रक बाहेर उभाच होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय. तिथे पोचायच्या आधीच.

त्यांच्या गालावर कोंडा लागलेला होता. तो मी रुमालाने पुसला. तो रुमाल अजून खिशात आहे.

तिसऱ्या दिवशी मी फोरमनला सगळं सांगितलं. नाकाचं, महिन्याचं, वहीचं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीन महिने? आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"गाढवा." पुढे थोडा वेळ तो टेबलावर बोट घासत बसला. "बरं. काटा आहे की."

मामांनी सांगितले होते अगदी तेच शब्द.

थप्पीच्या बायकांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामाला हात लावला नाही. त्यांनी मागच्या दारापुढचे गठ्ठे एकेक करून हलवले. फोरमन ओरडला, मग तोही हात लावायला लागला. आता दार पुरतं उघडतं. सगळ्यांनी एकेकदा उघडून बघितलं.

त्या दिवशी डबा खाताना ताई म्हणाली, "मला माहीत होतं, लेखकभाऊ."

"काय?"

"मामांचं. ते भांडं जळलं त्याच्याही आधीपासून. मी रोज त्यांच्या वाटणीचं हुंगायची. तुम्ही दोघं समजत होतात मी शिकतेय. सहाही मला आधीच येत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्यांना घरी बसवलं असतं. मग सातवा कुणी शिकवला असता?" तिने डब्याचं झाकण लावलं. "मला सातवाच येत नाही. आता मी तिथे उभी असते आणि प्रत्येक गोड वासाला मला घाम फुटतो. परवा एकीच्या डब्यात केळं होतं. मी पट्टा बंद केला."

फोरमन तिला काही बोलला नाही. पण दुसऱ्यांदा बोलेल.

काल संध्याकाळी मी मामींकडे गेलो. वही बरोबर नेली. त्यांनी ओट्यावरचं काही हलवलेलं नव्हतं. पळी तशीच, काळी. शेजारी काडेपेटी.

"मीच म्हणाले ना, उद्या करू," मामी म्हणाल्या. हे त्या पंधरा दिवसांत मला चौथ्यांदा म्हणाल्या. मग त्यांनी गॅसपाशी जाऊन पळी उचलली. "आपण करू या का? मी हुंगते. तू लिही."

"वास येईल, मामी. पण हाच तो, असं कोण सांगणार?"

त्यांनी पळी खाली ठेवली.

मी वही उघडली. सातव्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, गोड, पण. त्याखाली मामांच्या अक्षरात, बहुधा त्या सोमवारी सकाळी लिहिलेलं, फळांची बंद पेटी, घशाला लागतो, दहावा बघणे.

काडेपेटीत नऊ तुकडे आहेत, पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकाहून एक तांबूस. आणि दोन कोरे. दहा आणि अकरा.