कोपऱ्यातलं बोट

आमच्या हिला भिंतीवर समुद्राचा एक फोटो हवा होता. बोरिवलीतल्या आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाईप दिसतात. कोकणातली बाई, आयुष्यभर पाईप बघत भाकऱ्या भाजल्या, तेव्हा मागणी काही फार नव्हती. पण फोटो मी काढायचा. तिथेच वाट लागली.

खाडी ओलांडून गोराईला आम्ही कितीतरी वेळा गेलो. दिवस ती ठरवायची, जागाही तीच. "आभाळ थोडं घ्या, ओली वाळू जास्त. खडक डावीकडे. मधोमध कशाला, तो काय नवरदेव आहे?" मी फक्त बटण दाबायचं. तरी समुद्र तिरका यायचा आणि कोपऱ्यात माझं बोट. घरी आल्यावर ती फोन लांब धरून बघायची. "अहो, दर्यो सांडतलो! आणि ह्या बोटाचं वेगळं तिकीट काढलं होतं का?"

"मग तूच काढ ना."

"मी काढला तर तुम्हाला बोलू कशावरून?"

गेल्या वर्षी ती गेली. फोटो राहिला.

यंदा वर्षश्राद्ध द्वादशीला होतं. तोवर तिच्या तसबिरीशेजारी समुद्र लावायचाच, असं मी मनाशी धरलं. त्याला संध्याकाळची ओहोटी लागते. तेव्हा खडक उघडा पडतो आणि ओल्या वाळूत आभाळ दिसतं. सून म्हणाली, "बाबा, भरती-ओहोटीची वेळ फोनवर येते. बघू का?"

"फोनला काय कळतंय? आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, की वेळ मिळते."

आठाची पाऊणपट सहा. सूर्य मावळतो तोही सहाच्या सुमाराला. झालं, अष्टमी पक्की. वर सुनेला ऐकवलं, "चौथीपर्यंतच शिकलोय, पण एवढं गणित येतं."

अष्टमीला मी आणि सून गोराईला पोचलो तर पाणी सुरूच्या झाडांकडे चाललेलं. खडकाचा पत्ताच नाही. आता उतरेल, मग उतरेल म्हणून मी उभा. पाणी चपलेत शिरलं. सून हसू दाबत म्हणाली, "बाबा, ती पाऊणपट भरतीची असेल हो."

भरतीचीच होती. ओहोटी तिच्या सहा तास पुढे-मागे. आमची ही असताना वेळ तिने काढायची, मी पिशवी घेऊन मागे जायचं. कशी काढते, ते मी कधी विचारलंच नाही.

संध्याकाळची ओहोटी पुनवेला मिळणार आणि वर्षश्राद्ध त्याच्या आधी. म्हणून नुसतं पाणी आणि नुसतं आभाळ, असा एक फोटो काढला. सूनबाई एकदम ओरडली, "बाबा, रेघ सरळ आली!" मग तिची नजर कोपऱ्यात गेली. "आणि बोट पण आलं."

"बघू."

होतं. नखासकट.

"कापून टाकते, दोन सेकंदांचं काम आहे."

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. "राहू दे."

"अहो, पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांसाठी लावतोय का मी?"

द्वादशीला जेवणं झाल्यावर मेव्हणी त्या फोटोसमोर उभी राहिली. तिने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "भावोजी, हे बोट तुमचं? आमची अक्का असती तर तुम्हाला उभं सोललं असतं."

"म्हणून तर लावलाय," मी म्हटलं. ती हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी उगाच पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.

पुनवेला पुन्हा गोराईला गेलो, या वेळी सुनेच्या फोनवर वेळ बघून. खडक डावीकडे, आभाळ थोडं, ओली वाळू जास्त, रेघ सरळ, बोट नाही. झकास फोटो. सुनेने हौसेने फ्रेम करून आणली.

ती कपाटात आहे. त्या फोटोला नावं ठेवण्यासारखं काही नाही.