पाठवणीला वाजणारं इंग्रजी गाणं

साठच्या दशकात जगाला वेड लावणाऱ्या त्या चार झुलपेवाल्या इंग्रज पोरांच्या गाण्यांचा मी भक्त. लोक त्यांच्यासाठी इंग्लंडला जातात; माझी धाव कोल्हापूरपर्यंत. ऑफिसातला, मूळचा तिथला एक मित्र म्हणाला होता, "त्यांचं एक गाणं आमच्याकडं बँडवाले पाठवणीला वाजवत्यात. बायका रडत्यात." ज्या गाण्यावर आम्ही कॉलेजात बाकांवर चढून नाचलो, त्यावर रडतात? मी शनिवारची रजा टाकली, सीडी बॅगेत घातली आणि स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडली.

रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे जेवणाआधी पोचता येतं. उतरल्याबरोबर मिसळ खा. सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, कुरकुर करू नका. रस्सा पुन्हा मागितला की हसून वाढतात.

मंगळवार पेठेत बँडमास्तर दत्तूमामांचं घर कुणीही दाखवतं. "या पावणं, बसा की," म्हणत त्यांनी चहा मागवला आणि हकीकत सांगितली. तरुणपणी ते एका कंत्राटदाराच्या बंगल्यावर तबकड्या ऐकायला जायचे. तिथला प्लेअर बिघडलेला, सगळ्या तबकड्या संथच फिरवायचा. मामांनी ते उडतं गाणं तसंच संथ, खालच्या सुरात क्लॅरिनेटवर बसवलं. तेव्हापासून पेठेतल्या पोरी त्यावर सासरी जातायत.

मी हसलो. मामा हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं लग्न होतं. सासर गडमुडशिंगी, म्हणजे सिटी बसनं जाता येईल इतकं जवळ. तरी पाठवणी ती पाठवणीच. "तिला हीच चाल पायजे. ल्हानपणापासनं सांगती. पर पोरीच्या लग्नात बापानं वाजवायचं नसतंय, आन् ही चाल मी कुणाला शिकवलीच न्हाय."

मामा हळदीच्या गडबडीत होते, म्हणून मी त्यांच्याच बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पुतण्याला, बाळूला, सीडी दिली. मूळ गाणं हाताशी असताना नक्कल कशाला, असं माझं ठाम मत. बाळूनं संध्याकाळभर ऐकून चाल बसवली. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पाठवणीला बाळूनं सूर लावला आणि करवल्या नाचायला लागल्या. पाठोपाठ नवऱ्याचे मित्र. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू. सुनंदा मात्र जीपच्या पायरीवर पाय ठेवून थांबली आणि वडिलांकडे वळली.

"आबा, ही ती न्हाय."

"लई घाईत चाललंय हे," मामा म्हणाले. "पोरीला काय पळवून न्यायची हाय?" आणि ते सरळ बँडात शिरले.

"अरं दत्तू, पोरीचा बाप हाईस तू," एक म्हातारे पाहुणे म्हणाले.

"व्हय की, म्हणूनच," म्हणत मामांनी बाळूच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं.

चाल तीच, पण आता एकेक सूर सावकाश येत होता. करवल्या थबकल्या. सुनंदा ढसाढसा रडली, नवरदेवानं रुमाल काढला. माझेही डोळे भरून आले. मूळ आणि नक्कल, सगळं डोक्यातून गेलं. बाळू मामांच्या बोटांकडे टक लावून बघत होता. जीप दिसेनाशी झाली तरी मामा वाजवतच राहिले.

पुण्याला परतल्यावर बायकोला सांगून टाकलं, आपल्या मुलीच्या लग्नात बँड कोल्हापूरचाच.

"ती पाचवीत आहे," बायको म्हणाली.

माहीत आहे. पण बाळूचा हात अजून बसायचाय. आणि ती चाल उभ्यानं ऐकायची तर माझ्याही तयारीला तेवढी वर्षं लागतीलच.